परके यंत्र, घरचे भांडवल, पौराणिक विषय : पुण्यातील ‘राजी’ (२०२०) या संगणकीय खेळाकडे चित्रतंत्राच्या इतिहासातून

प्रस्तावना

संगणकीय खेळ हा इतिहासाच्या अभ्यासाचा विषय होऊ शकतो काय, याविषयी आपल्या महाविद्यालयीन वर्तुळात अद्याप एकमत नाही. खेळ म्हणजे विद्यार्थ्यांचा वेळ खाणारी वस्तू, असा समज शिक्षक-कक्षात सर्रास आढळतो. शंभर वर्षांपूर्वी चित्रपटाविषयीही नेमकी हीच भाषा बोलली जात असे. त्यामुळे चित्रपटाच्या आरंभकाळाची किती साधने आपण गमावली, हे आज सर्वांस ठाऊक आहे. तीच चूक पुन्हा होत असल्याचे दिसत असल्याने प्रस्तुत निबंधाचे प्रयोजन आहे.

निबंधाचा मुख्य आधार पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स ही लहान, स्वतंत्र संस्था आणि तिने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा खेळ होय. या खेळाचे रसग्रहण करणे हा येथील हेतू नाही. महाराष्ट्रात प्रतिमा निर्माण करण्याचे नवे तंत्र बाहेरून आले तेव्हा ते कोणी उचलले, कोणाच्या पैशावर उचलले आणि त्या तंत्राची मालकी कोणाकडे राहिली, या तीन प्रश्नांच्या संदर्भात ‘राजी’कडे पाहावयाचे आहे.

पूर्वपीठिका : शिळाछाप ते कचकड्याची फीत

राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत गिरगाव येथे रंगीत शिळामुद्रणाचा छापखाना काढला. यंत्रे जर्मनीची, तंत्रज्ञही जर्मन. पुढे हा छापखाना लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला आणि अखेर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. त्यातून निघालेली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे खानदेशातील घराघरांतील देवघरात पोहोचली. आजही जुन्या वाड्यांत ती आढळतात. देवाचा चेहरा कसा असतो, याची सामान्य माणसाची कल्पना या चित्रांनी ठरवली, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये.

दादासाहेब फाळके यांनी लोणावळ्यात याच छापखान्यासाठी काम केले होते, ही गोष्ट केवळ योगायोगाची नव्हे. फाळके यांनी आपल्या विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून १९१२ च्या आरंभी लंडन गाठले, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत चित्रपटनिर्मिती पाहिली आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा खरेदी करून ते परतले. परतल्यावर त्यांनी लगेच हरिश्चंद्राची कथा हाती घेतली नाही. वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने टिपून ‘अंकुराची वाढ’ ही छोटी फीत त्यांनी तयार केली, ती दाखवून कर्ज मिळवले, आणि तेही अपुरे पडले तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने कामी आले. आजच्या गेम स्टुडिओत ज्याला ‘डेमो’ म्हणतात तो हाच प्रकार होय. भांडवलदारास कल्पना दिसत नाही. त्यास हलते चित्र दाखवावे लागते. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. १९१८ मध्ये भागीदारांसह नाशिक येथे हिंदुस्थान फिल्म्स कंपनी निघाली आणि थोड्याच काळात निर्माता व पैसा पुरवणारे भागीदार यांच्यात बेबनाव होऊन फाळके काशीस निघून गेले. ते परत आले खरे, परंतु १९४४ साली नाशिक येथे विपन्नावस्थेतच त्यांचे निधन झाले.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर यांचा मार्ग निराळा होता. विकत घेतलेल्या यंत्रावर ते समाधानी राहिले नाहीत. बंधू आनंदराव यांच्यासह त्यांनी चित्रपटाचा कॅमेराच तयार करावयास घेतला. १९१६ मध्ये आनंदरावांच्या निधनाने खंड पडला, तरी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ मध्ये तो पूर्ण झाला. १९२० सालच्या ‘सैरंध्री’चे चित्रीकरण त्यावरचे आहे. विषय पुन्हा पौराणिकच. पण यंत्र कोल्हापूरचे. हा फरक पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरतो.

‘राजी’ची घडण

नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेची स्थापना २०१७ मध्ये पुणे येथे झाली. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयान मॉड हे तिचे संस्थापक. त्यापूर्वी भारतात खेळनिर्मिती नव्हती असे नाही. मुंबईत विशाल गोंडल यांनी १९९९ मध्ये इंडियागेम्स काढली होती; बंगळूरची ध्रुव इंटरअ‍ॅक्टिव्ह त्याहूनही आधीची. तथापि त्या काळातील बरेचसे काम दोन प्रकारचे होते. परदेशी कंपन्यांसाठी मजुरीवर चित्रे व प्रारूपे बनवून देणे हा एक, आणि बटनांच्या मोबाइलवर चालणारे लहान खेळ हा दुसरा. स्वतःची कथा, स्वतःचे चित्रविश्व आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यावर चालणारा मोठा खेळ, हे धाडस लहान संस्थेने करण्याजोगी परिस्थिती नव्हती.

ती परिस्थिती बदलण्याचे कारण तांत्रिक आणि त्याहून अधिक व्यापारी आहे. गेम इंजिन म्हणजे खेळातील प्रकाश, हालचाल, टक्कर, ध्वनी इत्यादींची गणिते करणारी तयार आज्ञावली. दोन दशकांपूर्वी अमेरिकेतील एपिक गेम्स या कंपनीचे अनरिअल इंजिन वापरण्याचा परवाना लाखो डॉलरचा विषय होता. २००५ मध्ये डेन्मार्कमधून युनिटी आले व २००९ मध्ये त्याची विनामूल्य आवृत्ती निघाली. एपिकने मार्च २०१५ मध्ये अनरिअल सर्वांस खुले केले. अट एवढीच, की प्रत्येक तिमाहीत पहिल्या तीन हजार डॉलरच्या वरील उत्पन्नावर पाच टक्के स्वामित्वधन द्यावे. मे २०२० मध्ये ही मर्यादा दहा लाख डॉलरपर्यंत वाढवण्यात आली. त्रिमितीय चित्रणासाठीचे ब्लेंडर हे साधन तर २००२ मध्ये जगभरच्या वापरकर्त्यांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून मूळ गुंतवणूकदारांकडून सोडवून घेतले आणि मुक्त केले. सार्वजनिक वर्गणीतून एखादे अवजार सोडवून घेण्याचे हे उदाहरण सहकाराच्या परंपरेत वाढलेल्या वाचकास विशेष रुचावे.

साधन फुकट झाले, पण पगार, घरभाडे आणि वेळ फुकट झाले नाहीत. ‘राजी’साठी इंटरनेटवरून लोकवर्गणी जमवण्याचा २०१७ मधील प्रयत्न अयशस्वी ठरला. पुढे परदेशी प्रकाशक मिळाला व १८ ऑगस्ट २०२० रोजी हा खेळ प्रथम निन्टेन्डो स्विच या यंत्रावर आणि १५ ऑक्टोबर रोजी संगणक, प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वनवर आला. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्कृष्ट खेळासाठी त्यास नामांकन होते, पुरस्कार ‘फॅस्मोफोबिया’ या खेळास गेला. चित्रविश्वाची समीक्षकांनी प्रशंसा केली, झुंजीचे प्रसंग व अकस्मात होणारा शेवट यांविषयी तक्रारीही केल्या. त्या तक्रारी अनाठायी नाहीत.

कथा थोडक्यात अशी. राजी ही डोंबाऱ्यासारख्या कसरती करणारी मुलगी. तिच्या धाकट्या भावास, गोलूस, असुर पळवून नेतात. दुर्गेच्या कृपेने शस्त्र मिळालेली राजी महाबलासुराच्या शोधात निघते आणि दुर्गा व विष्णू हे दोघे तिच्या प्रवासावर भाष्य करीत राहतात.

न दिसणारी बाजू

आधुनिक ग्राफिक्सचा पाया प्रकाशाच्या गणितात आहे. टर्नर व्हिटेड यांनी १९८० मध्ये डोळ्यापासून वस्तूकडे व वस्तूपासून दिव्याकडे किरण उलट दिशेने मागे नेऊन चित्र काढण्याची रीत मांडली. जेम्स काजिया यांनी १९८६ मध्ये प्रकाशाच्या देवाणघेवाणीचे सर्वसाधारण समीकरण दिले. समीकरण हाती होते, पण यंत्र धीमे होते. चित्रपटासाठी एक चौकट काढण्यास तासन्‌तास लागले तरी चालतात. खेळात सेकंदाला साठ चौकटी हव्या असल्यास प्रत्येकीला सुमारे सोळा सहस्रांश सेकंद मिळतो. एनव्हिडियाची २०१८ मधील आरटीएक्स ग्राफिक्स कार्डे आणि एप्रिल २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनरिअल इंजिन ५ मधील ‘ल्युमेन’ व ‘नॅनाइट’ या प्रणाली यांमुळे परावर्तित प्रकाश आणि अतिसूक्ष्म तपशील खेळ चालू असतानाच काढणे शक्य झाले. ‘राजी’ मात्र त्याआधीच्या अनरिअल इंजिन ४ वर घडली आणि प्रथम आली ती स्विचसारख्या २०१७ सालच्या, हातात मावणाऱ्या व तुलनेने दुबळ्या यंत्रावर.

अशा वेळी लहान संस्था काय करते, हे पाहण्यासारखे आहे. न हलणाऱ्या भिंती-खांबांवरचा प्रकाश आधीच मोजून भिंतीच्या चित्रातच कायमचा मिसळून ठेवण्याची पद्धत या पिढीच्या इंजिनांत सर्वत्र रूढ होती. ‘राजी’त कॅमेरा खेळाडूच्या हाती नाही, तो निर्मात्यांनी ठरवलेल्या जागेवरूनच महाल आणि तलाव दाखवतो. परिणामी महालाची जी बाजू कधीच दिसणार नाही ती घडवण्याचे श्रम वाचतात. कथेचे दुवे सांगणारे प्रसंग छायाबाहुल्यांच्या शैलीत द्विमिती रेखाटनांतून येतात. चेहऱ्याचे स्नायू हलवणारे महागडे त्रिमितीय चित्रण त्यामुळे टळले, आणि कथनाला एक देशी बाजही आला. सिंधुदुर्गातील पिंगुळी येथे ठाकर कलावंतांनी जपलेल्या चामड्याच्या बाहुल्या पाहिलेल्या मराठी वाचकास या प्रसंगांची रीत परकी वाटणार नाही.

येथे आपल्याच जिल्ह्यातील एका कलावंताचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) यांनी आयुष्याचा मोठा भाग रेल्वे स्थानकाजवळील आपल्या बंगल्यातच काढला. त्यांचे ‘टेबल-टॉप’ छायाचित्रण प्रसिद्ध आहे. टेबलावर साध्यासुध्या वस्तूंची मांडणी करून, दिव्यांची योजना साधून, त्यातून विस्तीर्ण निसर्गदृश्याचा भास ते निर्माण करीत. हा देखावा केवळ एका बिंदूवरून खरा असतो. दोन पावले बाजूला सरकले की तो टेबलावरचा पसारा. ‘राजी’च्या महालांचे गणित याहून तत्त्वतः वेगळे नाही. साधनांच्या टंचाईतून दृष्टिबिंदू बांधून घेण्याची युक्ती जन्मते आणि ती युक्तीच पुढे शैली म्हणून ओळखली जाते. ग्राफिक्स कार्डाच्या जाहिरातींत वास्तवाच्या अधिकाधिक जवळ जाण्याचा जो धोशा असतो, त्यास ही दोन्ही उदाहरणे छेद देतात.

‘प्राचीन’ म्हणजे कोणते?

इतिहासाच्या अभ्यासकास ‘राजी’त एक अडचण जाणवते. शीर्षकात प्राचीन महाकाव्याचा निर्देश आहे. पडद्यावर मात्र राजस्थानातील मध्ययुगीन गडमहालांची वास्तुशैली आणि सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांतील पहाडी चित्रकलेची रंगयोजना दिसते. निर्मात्यांनी हे अजाणता केले असे मुळीच नाही. पहाडी शैलीचे ऋण त्यांनी मोकळेपणाने मान्य केले आहे. रविवर्म्याच्या लक्ष्मीलाही एकोणिसाव्या शतकातील नऊवारी लुगडे होतेच, आणि फाळके यांच्या हरिश्चंद्राचा दरबार त्याच चित्रपरंपरेतून उतरला होता. तेव्हा कालविपर्यासाचा दोष एकट्या ‘राजी’ला देणे अन्यायाचे होईल.

पण नव्या ग्राफिक्समुळे या प्रश्नाला धार आली आहे. छापील चित्र चित्र म्हणूनच पाहिले जाई. प्रकाश भौतिकशास्त्राप्रमाणे वागू लागला की भिंतही खरीच असावी असे पाहणाऱ्यास वाटू लागते. युबिसॉफ्टच्या २०१४ मधील ‘असॅसिन्स क्रीड : युनिटी’ या खेळासाठी पॅरिसच्या नोत्र-दामचे प्रारूप बनवण्यास एका चित्रकर्तीने सुमारे दोन वर्षे दिली होती. १५ एप्रिल २०१९ रोजी ते प्रार्थनामंदिर जळाल्यावर आता या खेळावरून त्याची पुनर्बांधणी होईल, अशी आवई जगभर उठली. प्रत्यक्षात खेळाच्या सोयीसाठी त्या प्रारूपात बदल केलेले होते. जीर्णोद्धारकांना उपयोगी पडले ते अँड्र्यू टॅलन या कला-इतिहासकाराने लेसर-मापनाने टिपून ठेवलेले मोजमाप.

पारोळ्याच्या भुईकोट किल्ल्याचे उदाहरण घेऊन हा मुद्दा अधिक स्पष्ट करता येईल. जहागीरदार हरि सदाशिव दामोदर यांनी १७२७ मध्ये तो बांधल्याचे गॅझेटियर सांगते. या घराण्याचा झाशीच्या राणीशी नातेसंबंध. १८५७ च्या उठावानंतर जहागीर जप्त झाली आणि किल्ला मोडून टाकण्यात आला. आज उभे असलेले बुरूज, खंदकाच्या खुणा आणि लगतचा तलाव यांची शेकडो छायाचित्रे घेऊन त्यांपासून त्रिमितीय प्रारूप बनवणे हे एखाद्या महाविद्यालयाच्या आवाक्यातील काम आहे. पडलेल्या भागाचे काय? इंजिन ती पोकळी क्षणात भरून देईल, तटावर अठराव्या शतकातील संध्याकाळचे ऊन पाडील, आणि पाहणाऱ्या विद्यार्थ्याला कोणता दगड पुराव्याचा व कोणता कल्पनेचा हे कळणार नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते असे प्रारूप बनवताना अनुमानित भाग वेगळ्या रंगात दाखवण्याचा नियम पाळला गेला पाहिजे. खेळात हे रसभंग करील, हा आक्षेप मान्य आहे. म्हणूनच खेळ आणि दस्तऐवज यांची प्रारूपे मुळात वेगळी ठेवावी लागतील.

यंत्राची मालकी

फाळके यांनी आणलेला विल्यमसन कॅमेरा एकदा पैसे दिल्यावर त्यांचा झाला. त्या कंपनीने पुढे दर बदलले काय आणि धंदा बंद केला काय, कॅमेरा चालतच राहिला असता. गेम इंजिनाचे तसे नाही. ते वापरण्याची केवळ परवानगी मिळते, आणि परवानगीच्या अटी मालकाच्या हाती असतात.

याचे प्रत्यंतर दोनदा आले. १३ ऑगस्ट २०२० रोजी, म्हणजे ‘राजी’ प्रसिद्ध होण्याच्या पाच दिवस आधी, एपिक आणि अ‍ॅपल यांच्यात न्यायालयीन वाद सुरू झाला. अ‍ॅपलने एपिकची सर्व विकासक खाती बंद करण्याचा इशारा दिला. तसे झाले असते तर अ‍ॅपलच्या यंत्रांसाठी अनरिअल वापरणारे त्रयस्थ निर्माते विनाकारण भरडले गेले असते. २४ ऑगस्ट रोजी कॅलिफोर्नियातील न्यायालयाने अनरिअलपुरती ही कारवाई रोखली. दुसरा प्रसंग अधिक गंभीर. १२ सप्टेंबर २०२३ रोजी युनिटीने, विशिष्ट मर्यादेनंतर खेळ जितक्या वेळा नव्याने बसवला जाईल तितक्या वेळा शुल्क आकारण्याचे जाहीर केले, आणि तेही आधीच प्रसिद्ध झालेल्या खेळांना लागू होईल असे. जगभरच्या लहान संस्थांनी एवढा गदारोळ केला की अटी सौम्य कराव्या लागल्या, कंपनीचे मुख्य अधिकारी पायउतार झाले आणि वर्षभराने, सप्टेंबर २०२४ मध्ये, ते शुल्क पूर्णपणे मागे घेण्यात आले. कापसाचे भाव आपल्या बांधावर ठरत नाहीत, हे पिढ्यान्‌पिढ्या अनुभवलेल्या खानदेशी माणसास या व्यवहाराचे स्वरूप समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

बाबूराव पेंटरांच्या मार्गाने जाणे आज अशक्य आहे काय? एकट्या संस्थेने स्वतःचे इंजिन घडवणे परवडणारे नाही. परंतु ब्लेंडरप्रमाणेच गोडो हे मुक्त इंजिन २०१४ पासून सर्वांस उपलब्ध आहे. युनिटी प्रकरणानंतर अनेक निर्माते त्याकडे वळले. आपल्या संगणकशास्त्र विभागांनी अभ्यासक्रमात त्यास स्थान द्यावे, ही सूचना येथे करावीशी वाटते. शहराची अटही आता पूर्वीइतकी कठोर राहिलेली नाही. आपल्या सीमेपलीकडे वलसाड जिल्ह्यातील चला या ठिकाणाहून ध्रुव जानी यांचा स्टुडिओ ओलिओमिंगस काम करतो. वसाहतकाळातील इतिहासलेखनाशीच खेळणारे ‘अ म्युझियम ऑफ ड्युबिअस स्प्लेंडर्स’ (२०१८) यासारखे त्यांचे लहान खेळ कलादालनांपर्यंत पोहोचले आहेत. पारोळा-अमळनेरचा विद्यार्थी या क्षेत्रात शिरू पाहतो तेव्हा त्यास पुण्याशिवाय पर्याय नाही असे आपण शिक्षकच सांगतो. ते सर्वस्वी खरे नाही.

भाषेचा प्रश्न वेगळा आहे. पुण्यात तयार झालेल्या ‘राजी’चे मूळ संवाद इंग्रजीत होते, २०२२ मधील सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आला. दुर्गा आणि विष्णू यांनी इंग्रजीत संभाषण करावे हे बाजारपेठेचे गणित म्हणून समजते, कानाला मात्र खटकते.

साधनांचे जतन

‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिले व शेवटचे एवढेच पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात उपलब्ध आहे. ते संग्रहालयही १९६४ मध्ये, म्हणजे फाळके यांच्या निधनानंतर वीस वर्षांनी निघाले. खेळांसाठी असे संग्रहालय भारतात नाही. १९५४ च्या ग्रंथप्रदान अधिनियमानुसार प्रकाशकाने पुस्तकाच्या प्रती राष्ट्रीय व निर्दिष्ट ग्रंथालयांस द्यावयाच्या असतात. संगणकीय खेळ त्यात येत नाही. इंडियागेम्समध्ये २००७ मध्ये यूटीव्हीने बहुसंख्य हिस्सा घेतला व पुढे यूटीव्हीसह ती डिस्नेच्या ताब्यात गेली. बटनांच्या मोबाइलवरील तिचे खेळ खेळलेली पिढी आज चाळिशीत आहे, पण ते खेळ चालवून पाहण्याची सोय कोणत्याही सार्वजनिक ग्रंथालयात नाही. अ‍ॅडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार थांबवल्यावर न्याहाळकात चालणारे असंख्य लहान खेळ एका दिवसात मुके झाले. ‘राजी’ आज चालतो. ज्या इंजिनावर तो उभा आहे त्याची पुढची पिढी आलेली आहे, ज्या दुकानांतून तो मिळतो ती परदेशी कंपन्यांची आहेत, आणि विकत घेणाऱ्याच्या हाती त्याची प्रत नव्हे, परवाना असतो.

महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन, दृश्यपरिणाम, खेळ आणि विस्तारित वास्तव या क्षेत्रांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. गुंतवणूक व रोजगार हा त्याचा भर असणे स्वाभाविक आहे. शासकीय साहाय्य घेणाऱ्या प्रत्येक खेळाची चालू स्थितीतील एक प्रत, तिची मूळ आज्ञावली आणि निर्मितीची रेखाटने ठरावीक मुदतीनंतर एखाद्या विद्यापीठ ग्रंथालयात जमा करण्याची अट त्यात घालता येणे अवघड नाही. पहाडी शैलीवरून महालाचा रंग कसा ठरला, कोणती भिंत का अर्धी ठेवली, कॅमेरा तेथेच का रोवला, या प्रश्नांची उत्तरे पुढील अभ्यासकास तयार खेळात मिळणार नाहीत. ती या रेखाटनांत आणि टिपणांत असतात. चाळीसगावला केकी मूस यांच्या बंगल्यात त्यांची छायाचित्रे त्यांच्या घरातच पाहता येतात. पुण्यातील ज्या संगणकांवर ‘राजी’ घडली, त्यांच्या तबकड्यांत या घटकेला काय शिल्लक आहे, याची विचारणा करणारी संस्था अद्याप निघालेली नाही.